सुई नेमकी कुठे टोचायची?

डोळखांबसारख्या गावातील आरोग्य केंद्रातही टाके घालताना वापरले जाणारे लिग्नोकेन स्तनाच्या कर्करोगात जीव वाचवू शकते. टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १६०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले गेले. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती हे औषध टोचलेल्यांपैकी पाच वर्षांनंतर ९०.१ टक्के हयात होत्या. इतरांत हे प्रमाण ८६.४ टक्के होते.

यंत्र नको, मोठा खर्च नको. मात्र सुई गाठीच्या कोणत्या बाजूंना, किती खोल न्यायची, हे शोधनिबंध वाचून हाताला उमगत नाही. शहापूर-मुरबाडच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदांना ते दोन-तीन मिनिटांच्या अ‍ॅनिमेशनमधून दाखवता येईल. अर्थात, पडद्यावरच्या पेशी फारच आज्ञाधारक असतात. म्हणून चाचणीचे आकडेही त्याच चित्रफितीत हवेत.