कोवळें गवत आणि कोवळें पोट

पहिल्या पावसानंतर जरंडेश्वराच्या उतारावर व वासना नदीच्या कांठीं हिरवळ दिसूं लागली, कीं कोरेगांव तालुक्यांतील मुलें आपापलीं करडें घेऊन मोठ्या हौसेनें बाहेर पडतात. सारा उन्हाळा कोरड्या कडब्यावर काढलेल्या जनावरास हिरवें गवत पोटभर मिळावें, ही इच्छा चांगलीच आहे. परंतु आमचें मत असें कीं, या हौसेस मापाची जोड नसेल, तर तिच्यापासून हित न होतां अहितच होतें.

करडूं प्रथम केवळ दुधावर वाढतें. २-३ आठवड्यांनीं तें पाल्यास तोंड लावूं लागतें. तथापि पोटाचा जो मोठा कोठा चारा आंबवून पचवितो, तो पुरता कामास येण्यास सुमारें २-३ महिने लागतात. हें काम त्या कोठ्यांतील सूक्ष्म जीव करितात, आणि कडब्याची संवय झालेल्या या जीवांना रसाळ गवताची संवय होण्यास पुनः २-३ आठवडे पाहिजेत. तेवढा अवधि न देतां पोट भरूं दिलें, तर हगवण लागते, पोट फुगतें. आणि कधीं कधीं आंतड्यांतील जंतु एकाएकीं वाढून त्यांचें विष सर्वांगांत भिनतें. यासच आंत्रविषार म्हणतात. सायंकाळीं उड्या मारणारें करडूं सकाळीं मेलेलें आढळतें. विशेष हें कीं, हा रोग रोडक्या पिलांपेक्षां धष्टपुष्ट व खादाड पिलांसच अधिक गांठतो. अर्थात् ज्याचे लाड अधिक, त्यासच भय अधिक.

"मुकें जनावर आपलें हित जाणतें; गवत तर त्याचें अन्नच," असें कांहीं वडील मंडळी म्हणतात. त्यांच्या अनुभवाचा आम्ही आदर करितों. परंतु रानांत आईमागें फिरणारें पिलूं रोज दोन काड्या चावीत शिकतें, व गवतही त्याच्याबरोबर हळूहळू वाढतें. दावणीस बांधून ठेवणें व एके दिवशीं एकदम सोडणें, हें मात्र आपलें काम. तेव्हां सावधगिरीही आपलीच असली पाहिजे.

हा नियम केवळ शेळीचा नव्हे. मूळच्या अँडीज पर्वतांतील गिनीपिगचीं पिलें उघड्या डोळ्यांनीं व दांतांसह जन्मतात आणि थोड्याच दिवसांत गवत कुरतडूं लागतात. तें त्यांस हवेंच. कारण क जीवनसत्त्व त्यांच्या शरीरांत तयार होत नाहीं. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांस स्कर्व्ही होते, हें नॉर्वेच्या होल्स्ट व फ्रॉलिख यांनीं १९०७ सालीं दाखविलें. तरीही जाणते लोक वाळलेलें गवत त्यांच्यापुढें सदैव ठेवतात व ताजें गवत चिमटीएवढ्यापासून वाढवीत नेतात. गवत वैरी नव्हे. वैरी आहे ती घाई.

म्हणून प्रथम थोडा कडबा घालावा, दंव वाळल्यावरच पिलूं सोडावें. ओल्या पात्यांवर जंतांच्या अळ्या असतात. पहिल्या दिवशीं पाव तास पुरे, पुढें रोज थोडें वाढवीत दोन-तीन आठवड्यांनीं पुरती चराई द्यावी. ओला लसूणघास भुकेल्या पोटीं देऊं नये. गुडघ्याएवढीही न वाढलेली ज्वारी विषारी असते, तिच्यापासून जनावर दूर ठेवावें. ढिगांत तापलेलें व तणनाशक मारलेल्या बांधावरील गवत सर्वथा वर्ज्य करावें. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वीं पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारून टोंचून घ्यावी.

गरिबाच्या घरीं करडूं म्हणजे दुखण्याखुपण्यास व वह्यापुस्तकांस राखलेला पैसा होय. शेळीच्या पोटाचे चार कप्पे वहींत सुबक काढणाऱ्या विद्यार्थ्यास दारचें करडूं केव्हां व किती वेळ सोडावें, हें ठाऊक नसेल, तर तें शिक्षण अपुरें आहे, असें आम्ही म्हणतों. विद्यार्थिमित्रहो, मुक्या जिवास "पुरे" म्हणतां येत नाहीं. तें त्याच्यासाठीं आपण म्हणावयाचें असतें.