गाडी गेली, नाव राहिले

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले आणि नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुका तेलुगू मुलखात, तर बीदर आणि औराद कन्नड मुलखात गेले. नकाशा बदलला, सोयरीक आणि बाजारहाट मात्र पूर्वीप्रमाणेच चालू राहिली. त्यामुळे कंधारच्या एखाद्या शेतकऱ्याने आपली जुनी मोटारसायकल आज तेलंगणातील किंवा कर्नाटकातील गिऱ्हाइकास विकावी, यात नवल नाही. नवल आहे ते विक्रेत्याच्या समजुतीचे. पैसे मोजून घेतले आणि किल्ली हाती दिली की व्यवहार संपला, असे तो मानतो. वस्तुतः कायद्याच्या दृष्टीने व्यवहार तेव्हा कुठे सुरू झालेला असतो.

या समजुतीला परंपरेचा आधार आहे. पूर्वी कंधार तालुक्यात असलेल्या आणि आता लोहा तालुक्यात मोडणाऱ्या माळेगावच्या यात्रेत पिढ्यान्‌पिढ्या जनावरांचा बाजार भरत आला आहे. तेथे दावे हाती दिले आणि पावती झाली की बैल नव्या धन्याचा. त्याने पुढे कोणास शिंग मारले तर जुन्या धन्यास कोणी जाब विचारीत नाही. मोटारसायकलीचे तसे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये ज्याच्या नावे वाहनाची नोंद, तोच सर्वसाधारणपणे मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात याच व्याख्येवर बोट ठेवले. तेथील मोटार एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती आणि अपघातसमयी तिचा विमाही नव्हता. तरीही भरपाईची जबाबदारी नोंदणीपुस्तकातील मूळ मालकावर आली. अपघातग्रस्ताने खरेदीदारांची साखळी शोधीत फिरावे, ही अपेक्षा न्यायालयाने अमान्य केली. जखमी माणसाच्या बाजूने पाहता हा न्याय रास्तच म्हटला पाहिजे. मात्र त्याचा भार शेवटी अजाण विक्रेत्यावर पडतो, हेही नाकारता येत नाही.

हा भार टाळण्याचा मार्ग कायद्यात आहे. पण राज्याची सीमा ओलांडताना तो लांबतो. विक्रेत्याने प्रथम नांदेडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावयाचे. त्यासाठी कर भरलेला हवा, कर्जाचा बोजा उतरलेला हवा आणि गाडी चोरीची नाही याची खातरजमा हवी. अर्जानंतर ३० दिवसांत नकार आला नाही, तर प्रमाणपत्र मिळाले असे कायदा मानतो. विक्रीपासून ४५ दिवसांच्या आत ते खरेदीदाराच्या भागातील नोंदणी कार्यालयाकडे पाठवावे लागते. खरेदीदारानेही ३० दिवसांच्या आत तेथे हस्तांतर कळवावयाचे असते.

अडते ते या शेवटच्या पायरीवर. महाराष्ट्रात एकरकमी कर भरलेल्या गाडीस दुसऱ्या राज्यात नव्याने कर द्यावा लागतो आणि येथील उरलेल्या कराचा परतावा स्वतंत्रपणे मागावा लागतो. स्वस्तात घेतलेल्या जुन्या गाडीसाठी ही यातायात कशाला, असा विचार करून खरेदीदार कागद पेटीत ठेवतो. विक्रेत्याने भिडेखातर २९ आणि ३० क्रमांकांच्या कोऱ्या नमुन्यांवर सह्या केलेल्या असतात. त्या सह्यांवर गाडी आणखी दोन हात फिरते. विमा चालू असेल तर अपघाताची झळ पुष्कळशी विमा कंपनी सोसते. पण सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस घ्याव्या लागणाऱ्या विम्याची मुदत पाच वर्षांची असते, आणि गाडी विकावयास निघते ती बहुधा त्यानंतर.

यावर उपाय नाही असे नाही. ब्रिटनमध्ये विक्रेता स्वतः वाहन नोंदणी कार्यालयास विक्री कळवितो आणि आता वाहन आपल्याकडे नाही असे पत्र त्यास मिळते. कॅलिफोर्नियात पाच दिवसांच्या आत अशी सूचना देता येते व दिल्यावर पुढील जबाबदारीतून मुक्तता होते. खरेदीदार हलतो की नाही, यावर विक्रेत्याची सुटका अवलंबून राहत नाही. आपल्याकडेही १ एप्रिल २०२३ पासून हे तत्त्व अंशतः मान्य झाले आहे. नोंदणीकृत विक्रेत्या व्यापाऱ्याकडे गाडी सोपवून तशी सूचना दिली की तो व्यापारी मालक मानला जातो. परंतु कंधारचा शेतकरी गाडी विकतो ती ओळखीच्या माणसास. व्यापाऱ्यास गाडी देणाऱ्याला मिळणारे संरक्षण त्यास का नसावे?

खरेदीदाराच्या ओळखपत्रासह विक्रेत्याने सूचना देताच नोंदणीत विक्रीचा शेरा पडावा आणि त्या दिवसापासून जबाबदारी खरेदीदाराची व्हावी, अशी सुधारणा कठीण नाही. जखमी माणसालाही त्यातून जबाबदार माणसाचे नाव आणि पत्ता मिळेल. तोपर्यंत कोऱ्या कागदावर सही करावयाची नाही आणि ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय किल्ली द्यावयाची नाही, एवढे पथ्य विक्रेत्याने पाळलेच पाहिजे. भीड राखण्यापेक्षा आपले नाव सोडवून घेणे केव्हाही शहाणपणाचे.