फॉर्मॅट मारण्याआधी जरा थांबा

आपल्या नागपुरात घरच्या कॉम्प्युटरला काहीही झालं की निदान ठरलेलं असते. "भाऊ, व्हायरस आहे, फॉर्मॅट मारावं लागते." काही साइट उघडतात, काही उघडत नाहीत, एवढीच तक्रार असली तरी औषध तेच. पाचशे-सातशे द्या, संध्याकाळी घेऊन जा.

२०२२ च्या उन्हाळ्यात मीही तेच केलं. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. त्याला २० वर्षं झाली तेव्हा मी काही घरी जाऊन बोललो होतो, जुन्या मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. त्या फाइली कॉम्प्युटरवर वाजेनात. मित्र म्हणाला, व्हीएलसी टाक, ते काहीही वाजवते. तर व्हीएलसीची साइटच उघडेना. यूट्यूब सुरू, बँक सुरू, पेपर सुरू, हीच एक बंद. बर्डीवरच्या दुकानात नेला. पोराने विंडोज नवं टाकलं आणि सी ड्राइव्हसोबत डी ड्राइव्हही साफ केला. घरी आणून लावला. साइट तरीही बंदच. रेकॉर्डिंग मात्र गेलं.

बॅकअप ठेवला नाही, ही चूक माझी. त्या पोरालाही दोष देत नाही. कारण बिघाड कॉम्प्युटरमध्ये नव्हताच, आणि ते आम्हा दोघांनाही कळायची सोय नव्हती.

झालं असं होतं की २०२२ च्या सुरुवातीपासून भारतातल्या अनेक इंटरनेट कंपन्यांवर व्हीएलसीची साइट सरकारी आदेशाने अडवलेली होती. घरोघरी सिनेमा पाहायला वापरतात ते फुकटचं सॉफ्टवेअर, बनवणारी फ्रान्समधली ना-नफा संस्था. कारण कोणाला सांगितलं नाही. माहिती अधिकारात विचारलं तर माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाचं उत्तर आलं, आमच्याकडे माहिती उपलब्ध नाही. शेवटी संस्थेने ऑक्टोबरमध्ये कायदेशीर नोटीस पाठवली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या काळात किती कॉम्प्युटर विनाकारण फॉर्मॅट झाले असतील, त्याचा हिशोब कोण देणार?

हे एकदाच झालं असंही नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये इंटरनेट अर्काइव्ह बंद झालं होतं. जुनी मराठी पुस्तकं शोधणाऱ्यांना ही साइट चांगली माहीत आहे. दोन हिंदी सिनेमांची चोरी थांबवायला मद्रास उच्च न्यायालयाचे आदेश निघाले, त्यात अडीच हजारांवर साइटच्या यादीत हिचंही नाव. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूच्या 'विकटन'ची साइट एका व्यंगचित्रावरून बंद पडली. आधी वाचकांच्या तक्रारी आल्या, सरकारकडून काही कळवलेलंच नाही असं विकटनचं म्हणणं होतं. मार्चमध्ये न्यायालयाने साइट सुरू करायला सांगितलं, पण ते चित्र काढण्याच्या अटीवर.

कायदा काय म्हणतो? आयटी कायद्याचं कलम ६९अ सरकारला साइट अडवायचा अधिकार देते. २००९ च्या नियमांतला १६ वा नियम म्हणतो, सगळं गोपनीय ठेवा. श्रेया सिंघल खटल्यात २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कायम ठेवलं, पण कारणं लेखी नोंदवलेली असतात म्हणजे त्यांना कोर्टात आव्हान देता येते, या आधारावर. आता कारणंच कपाटात कुलूपबंद असतील तर आव्हान द्यायचं कशाला बाप्पा? साइटवाल्याला पत्ता नाही, वाचकाला पत्ता नाही, आणि कस्टमर केअरवाला म्हणते राऊटर बंद करून चालू करा.

काही साइट बंदच व्हायला हव्यात. मुलांच्या अत्याचाराची चित्रं, फसवणुकीची दुकानं, खुशाल बंद करा, मी टाळ्या वाजवीन. पण बंद केलं तर बंद केलं म्हणा. कायदेशीर कारणाने पान अडवलं हे सांगायला ४५१ हा संकेतांक २०१६ पासून जगभर ठरलेला आहे. हल्लीच्या सुरक्षित साइटवर मधेच पाटी लावणं कंपनीला सोपं नसते, हे मान्य. मग यादी तरी जाहीर करा. आदेशाची तारीख, कलम, कोणत्या खात्याचा आदेश, एवढं. मनपा रस्ता खोदते तेव्हा निदान एक बोर्ड तरी लावते (कधीकधी).

तोवर आपल्या हातात आहे ते करा. आधी कॉम्प्युटरची तारीख-वेळ पाहा. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ मागे जाते आणि चांगल्या साइटही 'असुरक्षित' दिसतात. विंडोज ७ असेल तर तेही कारण असू शकते, त्यावर नवे ब्राउझर आता मिळत नाहीत. हे ठीक असेल तर दुसऱ्या कंपनीच्या मोबाईलचं हॉटस्पॉट सुरू करून त्याच कॉम्प्युटरवर तीच साइट उघडा. उघडली, तर मशीन ठीक आहे, अडचण तुमच्या इंटरनेट कंपनीच्या रस्त्यात आहे. सेटिंगमध्ये डीएनएस बदलून पाहा. ती इंटरनेटची पत्ते सांगणारी वही. काही कंपन्या त्यातच चुकीचा पत्ता देतात, तिथे हा उपाय चालते. काही कंपन्या साइटचं नाव वाचून जोडणीच तोडतात, तिथे नाही चालत. म्हणूनच एकाच्या घरी उघडते, शेजाऱ्याकडे उघडत नाही.

कंपनीला फोनवर बोलू नका, लेखी विचारा: ही साइट आदेशाने बंद आहे का, हो की नाही? मी माझ्या कंपनीला विचारलं आहे, तिसरा आठवडा सुरू आहे. तुमच्याकडे अशी साइट अडत असेल तर साइटचं नाव, वस्ती आणि स्क्रीनचा फोटो मला पाठवा. माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, त्यात जोडतो.