शिक्षकाचा हात कोठवर पोहोंचतो?

दहावीचा निकाल शेंकडा किती लागला, हें शाळेच्या वार्षिक अहवालांत छापलें जातें आणि तें वाचून पालक शिक्षकाची किंमत ठरवितात. या मापाविषयीं आमची तक्रार अशी कीं, शिक्षकाचें सर्वांत टिकाऊ काम त्यांत मोजलेंच जात नाहीं.

आमच्या जिल्ह्याचेंच उदाहरण घेऊं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं सातारच्या सरकारी शाळेंत, इंग्रजी पहिलींत, त्यांचें नांव दाखल झालें. तेथें त्यांस इतर मुलांपासून दूर, गोणपाटावर बसावें लागे. पण त्याच शाळेंत आंबेडकर आडनांवाचे एक मास्तर होते. मधल्या सुटींत ते आपल्या शिदोरींतील भाजीभाकरी या मुलास देत. १९३० सालीं बाबासाहेब गोलमेज परिषदेस निघाले, तेव्हां या गुरुजींनीं त्यांस ममतेचें पत्र लिहिलें व तें त्यांनीं जपून ठेविलें. मास्तरांजवळ ते व्याकरण किती शिकले, हें कोणी सांगत नाहीं. ती भाकरी मात्र साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे.

दुसरे कृष्णराव अर्जुन केळुसकर. हे वेंगुर्ल्याजवळील केळूस गांवचे. तो मुलूख तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडे. मुंबईंत ते शिक्षक होते, परंतु भीमराव त्यांच्या वर्गांतला विद्यार्थी नव्हे, हें आम्हांस विशेष वाटतें. परीक्षा उतरल्याबद्दल भरलेल्या सत्कारसभेंत केळुसकरांनीं त्यास स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र भेट दिलें. पुढें कॉलेजच्या शिक्षणासाठीं सयाजीराव महाराजांचें साहाय्य मिळवून देण्यांतहि त्यांचा हात होता. केळुसकर १९३४ सालीं वारले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास जें घडलें, तें पाहावयास ते नव्हते. एका पुस्तकानेंच तें घडविलें असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. पण आपण बुद्धाकडे वळलों तें या भेटीमुळें, असें बाबासाहेबांनीं स्वतःच नमूद केलें आहे.

मात्र भल्याचाच ठसा उमटतो असें नाहीं. मुंबईच्या शाळेंत याच मुलास संस्कृत शिकूं दिलें नाहीं. नाइलाजानें त्यास फारसी घ्यावी लागली. ती सल त्यांनीं पुढें बोलून दाखविली आहे.

आणि आम्ही तरी कोठें निर्दोष आहों? मागें एका मुलाची वही उघडून आम्हीं भर वर्गांत म्हटलें, "हीं अक्षरें कीं कुर्ल्यांची पळापळ?" वर्ग खो खो हंसला. कित्येक वर्षांनीं तो मिरकरवाड्याच्या बंदरावर भेटला. मोठ्या आदरानें त्यानें आमची पिशवी हातीं घेतली, चांगले बांगडे निवडून दिले, पैसे घेईना. निघतांना आम्हीं त्याचा पत्ता लिहून मागितला. त्यानें कागद जवळ उभ्या असलेल्या मुलीच्या हातीं दिला आणि म्हणाला, "बाय, तूं लिही. माझं अक्षर सरांना आवडत नाही." तो हंसत होता. आम्हांस हंसतां आलें नाहीं. त्या दिवशीं वर्गांत आम्हीं कोणता धडा शिकविला होता, तें आम्हांस आठवत नाहीं; त्यासहि आठवत नसावें.