विश्लेषण : पासपोर्ट बदलला, तरी निवृत्तीनिधीवरचा कर का सुटत नाही?

अमेरिकेत दहा-पंधरा वर्षे नोकरी करून पुण्या-ठाण्याला परतणाऱ्यांची '४०१(के)' या निवृत्ती खात्यातील पुंजी बहुधा तिकडेच राहते. दरम्यान काहींनी तिथले नागरिकत्व घेतलेले असते, काहींनी नाही. 'आता इथेच राहायचे, तर पैसे काढून घेऊ' हा विचार स्वाभाविक आहे; पण घाई महागात पडू शकते.

अमेरिका किती कर घेते?
पारंपरिक खात्यात पैसे भरताना कर लागत नाही, म्हणून तो काढताना लागतो. वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांआधी रक्कम काढल्यास, काही अपवाद वगळता, आणखी १० टक्के द्यावे लागतात. नागरिक नसलेल्या अनिवासी खातेदाराच्या रकमेतून सहसा ३० टक्के कर आधीच कापला जातो. भारत-अमेरिका करारानुसार खासगी पेन्शनवरील कर राहत्या देशाचा; पण एकरकमी रक्कम 'पेन्शन' ठरते का, यावर मतभेद आहेत.

नागरिकत्वाने काय बदलते?
अमेरिकी नागरिक कुठेही राहिला तरी अमेरिका त्याच्यावर कर लावते. करारातील वरील सवलतही त्याला मिळत नाही. नागरिकत्व सोडणेही सोपे नाही. निव्वळ संपत्ती २० लाख डॉलर वा अधिक असेल तर 'एक्झिट टॅक्स'चे नियम लागतात आणि 'आयआरए' खाते आदल्या दिवशीच पूर्ण काढले, असे धरून कर आकारला जातो.

भारतात काय?
परतल्यावर सुरुवातीची दोन-तीन वर्षे अनेकांना 'निवासी, पण सामान्यतः निवासी नाही' असा दर्जा मिळतो. तेव्हा परदेशी उत्पन्नावर इथे सहसा कर नसतो. पुढे जगभरचे उत्पन्न करपात्र होते. खात्यात साचणाऱ्या नफ्यावर इथे दरवर्षी आणि तिथे काढताना कर, हा घोळ २०२१च्या वित्त कायद्याने कमी केला. अमेरिका, ब्रिटन व कॅनडातील खात्यांसाठी अर्ज केल्यास इथला करही पैसे काढतानाच लागतो. मात्र पुन्हा अनिवासी झाल्यास ही सवलत मुळापासून रद्द ठरते.

मग करावे काय?
परतण्याचा निर्णय मनाने घेतला जातो, कर मात्र तारखांवर ठरतो. म्हणून विमानाचे तिकीट काढण्याआधी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराकडून वेळापत्रक आखून घ्यावे. सरकारनेही एकरकमी रकमेबाबत स्पष्ट परिपत्रक काढावे. आयुष्यभराच्या बचतीचा हिशेब अंदाजावर सोडणे योग्य नाही.