मालक बदलला, हिशेब राहिला



२७ जून २०२२ रोजी जेद्दाच्या अल-अहली या फुटबॉल क्लबने अल-शबाबशी गोलशून्य बरोबरी केली आणि हा क्लब सौदी अरेबियाच्या अव्वल साखळीतून खालच्या साखळीत गेला. १९३७ साली स्थापन झालेला, २०१५-१६ साली साखळी जिंकलेला हा क्लब. 'चषकांचा किल्ला' ही त्याची अरबी बिरुदावली. त्याच्या इतिहासात अशी वेळ पूर्वी कधीच आली नव्हती. आपल्यापैकी ज्यांना फुटबॉलमध्ये रस नाही, त्यांनीही या घटनेकडे पाहावे असे मला वाटते, कारण तिचा संबंध आपल्या इथल्या जगण्याशी आहे.

हरल्यावर दोष आधी प्रशिक्षकाला मिळतो. त्याच हंगामात बेस्निक हासी गेले, रॉबर्ट सिबोल्दी आले. फरक पडला नाही. खरे दुखणे वर होते. त्या काळी सौदी क्लबांना आपण समजतो तसा मालकच नव्हता. देखरेख सरकारी क्रीडा खात्याची, पैसा काही सरकारचा, काही राजघराण्यातल्या आणि व्यापारी घराण्यांतल्या हितचिंतकांचा. २०१८ च्या सुमारास तर क्रीडा प्राधिकरणाचे प्रमुख तुर्की अल-शेख यांनी अनेक क्लबांचे अध्यक्ष थेट नेमले. नवा अध्यक्ष आला की नवा प्रशिक्षक, नवे खेळाडू. तो गेला की देणी पुढच्याच्या गळ्यात. अल-अहलीतही काही वर्षांत अध्यक्षाच्या खुर्चीवर किती माणसे बसून उठली! हे सर्वांनाच ठाऊक होते, पण जाब विचारायचा कोणाला? स्टेडियममध्ये घसा फोडणाऱ्या प्रेक्षकाला ना मत, ना हिशेबाची वही पाहण्याचा हक्क.

क्लबांच्या कर्जावर उपायही ठरलेला होता. मे २०१८ मध्ये युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी क्लबांची थकलेली देणी भागवण्यासाठी शंभर कोटी रियालहून अधिक रक्कम देण्याचा आदेश दिला. कर्ज फिटले, कर्ज का झाले, हा प्रश्न तिथेच राहिला. चारच वर्षांनी अल-अहलीची घसरण झाली.

त्यानंतरची गोष्ट परीकथेसारखी आहे. अल-अहली एका वर्षात वर आला. जून २०२३ मध्ये सरकारी गुंतवणूक निधीने अल-अहली, अल-इत्तिहाद, अल-हिलाल आणि अल-नस्र या चारही मोठ्या क्लबांत प्रत्येकी ७५ टक्के हिस्सा घेतला. महरेज, फिर्मिनो, मेंडी यांच्यासारखे खेळाडू जेद्दात आले आणि ३ मे २०२५ रोजी जेद्दातच कावासाकी फ्रोंताले संघाला २-० असे हरवून अल-अहलीने आशियाई विजेतेपद मिळवले. माझे सौदी सहकारी आनंदाने वेडे झाले आणि त्यांच्या आनंदात मीही सामील झालो.

मग बिघडले कुठे? दोन गोष्टींत. पहिली: एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या चार संघांचा मोठा भागधारक तेव्हा एकच झाला. दुसरी: २०२२ साली अल-अहलीबरोबर अल-फैसली हाही संघ खाली गेला. हरमा या छोट्या गावचा हा संघ आदल्याच वर्षी राजाचा चषक जिंकला होता. त्याच्यासाठी या निधीची तिजोरी उघडली नाही. मेहेरबानीचा स्वभावच असा आहे. ती मोठ्या घराचे दार आधी ठोठावते.

यावर काहीजण म्हणतील, खाजगी मालक आणा म्हणजे शिस्त येईल. आपल्या पुण्याचा अनुभव आठवावा. सहारा समूहाने २०१० साली ३७ कोटी डॉलरला आयपीएलचा पुणे संघ घेतला. २०११ ते २०१३ या तीन हंगामांत 'पुणे वॉरियर्स'ने दरवर्षी फक्त चार सामने जिंकले. मैदानावर पराभव, बाहेर फ्रँचायझी फीवरून क्रिकेट मंडळाशी भांडण. ऑक्टोबर २०१३ मध्ये मंडळाने करारच रद्द केला. त्याआधी, ऑगस्ट २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना छोट्या गुंतवणूकदारांचे सुमारे २४,००० कोटी रुपये परत करायला सांगितले होते. मालक सरकार असो वा शेठजी, हिशेब मागणारा कोणी नसेल तर गत तीच.

आता आपल्या माणसांकडे येतो. जुलै-ऑगस्ट २०१६ मध्ये 'सौदी ओजर' या बांधकाम कंपनीचे हजारो भारतीय कामगार जेद्दाच्या छावण्यांत महिनोन्‌महिने पगाराविना अडकले होते. वकिलातीला त्यांच्या जेवणाची सोय करावी लागली. राजे सलमान यांनी दहा कोटी रियाल मंजूर केले, परतीचा मार्ग खुला झाला. पण कित्येकजण घामाचा पैसा इथेच सोडून रिकाम्या हाताने घरी गेले. पुढच्या वर्षी कंपनीच बंद पडली. फिलिपिनो कामगारांच्या थकबाकीचे आश्वासन मिळाले ते नोव्हेंबर २०२२ मध्ये, युवराज आणि त्यांचे राष्ट्राध्यक्ष भेटले तेव्हा. आणि पैसे हाती पडू लागले २०२४ साली.

याउलट फुटबॉलपटूचा पगार थकला तर तो फिफाकडे जातो. २०१६-१७ च्या हंगामात एका थकबाकीपायी फिफाने अल-इत्तिहादचे तीन गुण कापले. म्हणजे पैसे बुडवणाऱ्याला शिक्षा करता येते, तीही याच देशात. फक्त तक्रार ऐकणारी, मालकाच्या मुठीत नसलेली जागा हवी. गवंड्याला अशी जागा नाही; त्याच्यामागे संघटना नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियाला मिळाला. त्याची स्टेडियमे बांधणाऱ्यांत आपले लोक असणारच. २०१३ पासून इथे पगार बँकेतून देण्याची आणि त्याची नोंद ठेवण्याची व्यवस्था आहे. २०२१ च्या सुधारणांनी नोकरी बदलणेही काही अटींवर सोपे केले, मात्र घरकामगारांना त्यातून वगळले. ही पावले खरी आहेत, त्यांचे स्वागतच. पण नियम कोणीतरी वापरला तरच चालतो.

आणि तिथे आपला संबंध येतो. आपल्यापैकी अनेकांच्या सहीशिवाय कंत्राटदाराचे बिल पुढे सरकत नाही. ती सही करण्यापूर्वी मागच्या महिन्याचे कामगारांचे पगार जमा झाल्याचा पुरावा मागणे, एवढे आपल्या हातात आहे. यासाठी मोर्चा लागत नाही, आणि कोणाचा कायदाही मोडत नाही. अल-अहलीच्या प्रेक्षकाला तेवढाही अधिकार नव्हता. आपल्याला आहे, तर तो वापरावा.