अभ्यासाचा वीट येतो तेव्हा

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. लांज्याकडची एक बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. मुलगा विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. पहाटे उठून एस.टी. धरायची, रत्नागिरीत कॉलेज, मग क्लास, रात्री आठला घरी आणि जेवून पुन्हा पुस्तक. ‘‘डोकं दुखतं म्हणतो, जेवत नाही, सारखा चिडतो. काहीतरी ताकदीचं द्या डॉक्टर, परीक्षा तोंडावर आलीय,’’ आई म्हणाली. मुलगा मान खाली घालून बसला होता. बाहेर गर्दी होती. मी रक्तदाब पाहिला, पित्ताच्या गोळ्या आणि एक टॉनिक लिहून दिले, ‘‘नीट अभ्यास कर’’ असे सांगितले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दोन महिन्यांनी वडील आले, एकटेच. मुलगा रोज डबा घेऊन घरातून निघत होता, पण कॉलेजात जात नव्हता. मांडवीच्या जेटीवर बसून राहायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचा. परीक्षेला तो बसलाच नव्हता. वडिलांनी मला बोल लावला नाही. पण त्या दिवशी ‘‘बाळ, झोप लागते का?’’ एवढे तरी मी विचारायला हवे होते. माझी चूक इथे लिहितो आहे, कारण घरोघरी हीच चूक होताना मी पाहतो.

या अवस्थेला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली तो शब्द वैद्यकात आणला, तो स्वतःसारख्याच राबून थकलेल्या दवाखान्यातल्या कार्यकर्त्यांकडे पाहून. जागतिक आरोग्य संघटनाही २०१९ पासून त्याला आजार न म्हणता कामाच्या ताणाशी जोडते. विद्यार्थ्याचे काम म्हणजे अभ्यास, आणि त्या कामाला रविवारची सुट्टीही नसते! आपल्याकडे ‘वीट आला’ म्हणतात, तो शब्द मला अधिक चपखल वाटतो. कंटाळा दोन दिवस गावी जाऊन आले की जातो. वीट जात नाही. झोपूनही थकवा उतरत नाही, एके काळी आवडणाऱ्या विषयाचे पुस्तक उघडवत नाही, आणि हळूहळू ‘आपल्याच्याने हे होणार नाही’ असे मनात पक्के बसते. दहावीला नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलाला हे जास्त जाचते, कारण सगळ्या वाडीने त्याला पेढे भरवलेले असतात.

अर्थात प्रत्येक थकवा मनाचाच नसतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावे. मुलींच्या बाबतीत तर आधी रक्तच पाहावे. दुसरी गोष्ट झोपेची. या वयात सात ते नऊ तास झोप लागतेच. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते, तेव्हा रात्री दोनपर्यंत चहावर जागणारा मुलगा एका हाताने पेरतो आणि दुसऱ्या हाताने उपटतो.

पण माझे खरे म्हणणे आईवडिलांशी आहे. एखादा विषय राहिला, ए.टी.के.टी. लागली, प्रसंगी वर्ष गेले, तर काय आभाळ कोसळते? लोकमान्य टिळक आपल्या रत्नागिरीचेच. डेक्कन कॉलेजात गेल्यावर प्रकृती तोळामासा आहे हे पाहून त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालीम, पोहणे आणि शरीर कमावणे यांत घालवले. ते वर्ष परीक्षेच्या दृष्टीने फुकट गेले. पुढे ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले, १८७९ साली कायद्याची पदवीही घेतली. टिळक आळीतल्या त्यांच्या जन्मस्थानी आपण मुलांना सहलीला नेतो, पण हे वर्ष त्यांना कोणी सांगत नाही.

काही खुणा मात्र थांबू देत नाहीत. मुलगा बोलेनासा झाला, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आहे. आपल्या गावात तर प्रादेशिक मनोरुग्णालयच आहे. राज्यात अशी मोजकीच आहेत. पण ‘ह्याला रत्नागिरीला नेऊन ठेवा’ ही थट्टा कोकणात इतकी मुरली आहे, की ऐन रत्नागिरीतली माणसेही त्या फाटकाकडे मान वळवून पाहत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हे अजून किती वर्षे लिहावे लागणार आहे कोण जाणे.

त्या मुलाशी मग मी तीनचार वेळा निवांत बोललो. रक्तात बी-१२ कमी निघाले, त्याचेही औषध दिले. मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवले. क्लास बंद केला, रात्री साडेदहाला दिवा बंद असे ठरले. वडिलांना ते पटायला वेळ लागला. राहिलेले पेपर त्याने पुढच्या सत्रात दिले. एक विषय अजून बाकी आहे. परवा येऊन गेला, आईबरोबर. निघताना आईने पुन्हा टॉनिक मागितले. मी नाही म्हटले, तर तो हसला.